चुनखडीच्या जमिनीत सूर्यफूल: खत दुप्पट केलं तरी पीक पिवळंच, नेमकं काय चुकतंय?

रानवाट

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, पण तपशील दिल्याशिवाय सल्ला तरी कसा देणार, म्हणून सगळंच मांडते.

आमच्या एका तुकड्यात मी सलग तिसऱ्यांदा सूर्यफूल घेते आहे. जमीन भारी, नांगरली की पांढरे चुनखडीचे खडे वर येतात. पहिल्या वेळी पीक महिन्याभराचं झालं आणि शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं खत कमी पडलं. दुसऱ्या वेळी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दुप्पट दिलं, वरून युरिया फेकला, आणि हिराकस म्हणजे फेरस सल्फेटही मातीत टाकलं. पिवळेपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पुढे फुलं आली तेव्हा बऱ्याच झाडांची मान फुलाखाली तडकली आणि वाऱ्यात फुलं लोंबली. जी उभी राहिली त्यांच्या मध्यभागी मूठभर पोचट दाणे.

एक गोष्ट मनातून जात नाही. खुरपताना मातीत विटकरी रंगाचे बारीक गोळे सापडत होते. बोटात चुरले की गंजाची पूड. ते मी टाकलेलं हिराकसच होतं. झाडाच्या मुळापासून वीतभर अंतरावर लोखंड पडून होतं आणि झाड लोहावाचून पिवळं होतं.

यंदा पेरणीआधी माती तपासून घेतली. सामू (पीएच) ८.३, क्षारता ०.३ डेसिसायमन प्रति मीटर, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, मुक्त चुना ११ टक्के. ऑलसेन पद्धतीने स्फुरद किलोला ७ मिलिग्रॅम. पालाश भरपूर. डीटीपीए चाचणीत (पिकाला मिळू शकणारा भाग मोजणारी) लोह ३.१, जस्त ०.४८, मँगनीज ४, तांबं ०.९. बोरॉन ०.३५. अहवाल हातात पडेपर्यंत पेरणी उरकली होती, त्यामुळे तळखत पूर्वीसारखंच गेलं, फक्त डीएपी पुन्हा निम्म्यावर आणलं. आज पीक २८ दिवसांचं आहे आणि सखल बाजूला शेंडे पुन्हा फिके दिसायला लागलेत.

या उभ्या पिकाला आता काय करू, आणि पुढच्या वेळी सुरुवातीपासून काय बदलू?

बांधकरी

ताई, आधी दोन प्रश्न. पिवळी पडलेली पानं नवी आहेत की जुनी? आणि पान उलटून पाहिलंत का, खालून पांढरी बुरशी आहे का? हे विचारतोय कारण पिवळ्या पिकाला सरसकट 'केवडा' म्हणायची सवय आहे, आणि सूर्यफुलावरचा खरा केवडा हा बुरशीजन्य रोग आहे. त्यात झाड खुजं राहतं, शिरांच्या कडेने फिकटपणा पसरतो आणि पानाखाली पांढरट लव दिसते. त्याला खताचा काही उपयोग नाही.

रानवाट

दादा, आत्ताच जाऊन पाहून आले. पानाखाली स्वच्छ आहे. खालची पानं हिरवीगार. शेंड्याची चार-सहा पानं पिवळी, पण शिरा मात्र हिरव्या, अगदी बारीक जाळीसकट. पान उजेडापुढे धरलं तर हिरव्या दोऱ्याची जाळी पिवळ्या कापडावर काढल्यासारखी दिसते.

बांधकरी

मग लोहच. नत्राची कमतरता खालच्या पानांपासून वर चढते. गंधकाची नव्या पानांवर दिसते, पण त्यात शिराही फिक्या होतात. जाळी हिरवी राहिली की लोहाकडे बोट दाखवायचं.

माती_वाचक

मी मातीपरीक्षणाचं काम करतो. ताईंचा अहवाल वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

८.३ हा सामू म्हणजे चुन्याची सही आहे. मातीत मोकळा कॅल्शियम कार्बोनेट असला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी समतोलात असला की सामू ८.२ ते ८.३ च्या आसपास येऊन थांबतो. ८.५ च्या बराच वर गेला असता तर सोडियमचा संशय घ्यावा लागला असता. तुमची क्षारताही कमी आहे. म्हणजे जमीन क्षारपड नाही, चोपण म्हणजे सोडियमने बिघडलेली नाही, निव्वळ चुनखडीची आहे. हा फरक आधी मनात पक्का करा, कारण उपाय वेगळे आहेत.

आता लोक म्हणतात, गंधक टाका आणि सामू खाली आणा. गणित करून बघू. एका हेक्टरची वरची १५ सेंमी माती साधारण २० लाख किलो भरते. त्यात १ टक्का चुना म्हणजे २०,००० किलो. १०० किलो चुना संपवायला ३२ किलो मूलद्रव्यी गंधक लागतं, तेही जिवाणूंनी त्याचं पूर्ण आम्ल केलं तर. म्हणजे एका टक्क्याला ६,४०० किलो गंधक. तुमच्याकडे ११ टक्के आहे, म्हणजे ७० टन. आणि हे फक्त वीतभर मातीसाठी. सूर्यफुलाचं सोटमूळ त्याच्या कितीतरी खाली जातं. सगळ्या रानाचा सामू बदलायचा विचार सोडूनच द्या. बदलायचा तो मुळाभोवतीचा, खताच्या ओळीतला, चार बोटांचा पट्टा.

तुमच्या मातीत लोह नाही असंही समजू नका. एकूण लोह बहुतेक मातीत टक्क्यांत असतं आणि पिकाला लागतं किलोंत. अडचण विरघळण्याची आहे. सामू एक अंकाने चढला की लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते, जस्ताची शंभरपटीने. तुमचे गंजाचे गोळे त्याचाच पुरावा. फेरस लोह चुन्याच्या मातीत पडलं की हवेने फेरिक होतं आणि गंज होऊन बसतं. काही दिवसांचं काम.

स्फुरदाचंही तसंच. पाण्यात विरघळणारा स्फुरद चुन्याच्या संपर्कात आला की आधी डायकॅल्शियम फॉस्फेट होतो, मग हळूहळू आणखी घट्ट रूपांकडे सरकतो. जितकी जास्त माती त्याला भेटेल तितका लवकर अडकतो. म्हणून फोकून देणं सगळ्यात वाईट आणि ओळीत पेरून देणं सगळ्यात बरं. आणि दुप्पट डीएपीने तुमचा पिवळेपणा का वाढला, त्याचंही कारण इथेच आहे. स्फुरद वाढला की जस्त झाडात आणि मुळाशी अडतं, लोहावरही ताण येतो. तुमचं जस्त ०.४८ आहे. डीटीपीए चाचणीत ०.६ च्या खाली कमतरता धरतात. लोहाला ४.५ ही रेष आहे, तुम्ही ३.१ वर. बोरॉनला ०.५, तुम्ही ०.३५ वर. मँगनीज आणि तांबं ठीक आहे, त्यांना हात लावू नका.

एक सूचना सगळ्यांसाठी. चुनखडीच्या मातीचा स्फुरद तपासताना अहवालात 'ऑलसेन' लिहिलंय का ते बघा. ती पद्धत ८.५ सामूच्या सोडियम बायकार्बोनेटची आहे आणि अशा मातीसाठीच योग्य. ब्रे पद्धत आम्लयुक्त जमिनीसाठी. चुन्याच्या मातीत त्यातलं आम्ल चुना खाऊन टाकतो आणि आकडा खोटा येतो.

वाफसा

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी फक्त 'सखल बाजूला' या दोन शब्दांवर बोलतो, कारण माझं रान याच दुखण्यातून गेलंय.

माझ्याकडे एक कोपरा आहे, पाणी दिलं की तिथे दोन दिवस चिखल. दर वेळी तिथलंच पीक आधी पिवळं. मी तिथे पंप मारत राहिलो. एकदा मोटार बिघडली, पाणी आठ-दहा दिवस लांबलं, आणि त्या कोपऱ्यातली नवी पानं आपोआप हिरवी निघाली. कसलीही फवारणी न करता! त्या दिवशी डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात, तो कार्बन डायऑक्साइड ओल्या दबलेल्या मातीत कोंडून राहतो. पाणी, कोंडलेला वायू आणि चुना एकत्र आले की बायकार्बोनेट तयार होतं. हे बायकार्बोनेट लोहाचं खरं वैरी. सूर्यफूल तसं लोह मिळवण्यात हुशार पीक आहे. लोह कमी पडलं की त्याची मुळं आम्ल सोडतात, मातीतलं फेरिक लोह मुळाच्या अंगाशी फेरस करून घेतात आणि आत ओढतात. पण बायकार्बोनेट ते आम्ल सोडल्या सोडल्या मारून टाकतं. झाड बिचारं राबतं आणि हाती काही लागत नाही.

म्हणून ताई, सखल भागाला पुढचं पाणी लांबवा. वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निघून माती नुसती ओलसर राहू द्या. चर काढून निचरा करता आला तर करा. वाफशावर एक हलकी कोळपणी द्या, वरची पापडी फुटू दे, हवा आत जाऊ दे. पंपाच्या आधी हे.

आणि विहिरीचं पाणीही तपासा. पाण्यातच बायकार्बोनेट जास्त असेल तर प्रत्येक पाळीला आपण तेच वैरी रानात सोडतो.

हिरवीकाडी

जिप्सम टाकलं तर चालेल का? आमच्याकडे बरेच जण टाकतात, सामू उतरतो म्हणतात.

माती_वाचक

सोडियमच्या चोपण जमिनीत उतरतो, कारण जिप्समचं कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतं. इथे सोडियमची अडचण नाही आणि कॅल्शियम ढिगाने आहे. गंधकाचा स्रोत म्हणून जिप्सम दिलं तर ते काम करेल, सूर्यफुलाला तेलासाठी गंधक लागतंच. सामूसाठी टाकू नका.

पेरते_व्हा

तळखताबद्दल माझा अनुभव लिहितो, पुढच्या पेरणीला उपयोगी पडेल.

सूर्यफुलाला हेक्टरी ६० किलो नत्र, ३० स्फुरद, ३० पालाश ही बऱ्यापैकी रुळलेली मात्रा आहे. पाण्याची सोय आणि संकरित वाण असेल तर नत्र ८० पर्यंत नेतात. ताईंच्या मातीत पालाश भरपूर आहे, तिथे मी हात आखडता घेईन. सूर्यफूल पालाश उचलतं खूप, पण त्यातला मोठा वाटा काडात आणि फुलाच्या तबकात राहतो. ते रानातच गाडलं तर परत मिळतं. जाळू नका, कळकळीने सांगतो.

आता ३० किलो स्फुरद कशातून द्यायचा? डीएपीतून दिला तर ६५ किलो लागतं, सोबत जवळपास १२ किलो नत्र येतं, गंधक शून्य. सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिला तर सुमारे १९० किलो लागतं, आणि त्यातून २० किलोच्या आसपास गंधकही येतं. तेलबियांना हेक्टरी २० ते ३० किलो गंधक लागतं, म्हणजे एकाच पोत्यात दोन कामं. शिवाय डीएपीचा दाणा विरघळताना भोवती सामू आठच्या आसपास नेतो, तर सुपर फॉस्फेटचा दाणा भोवती आम्ल करतो. चुन्याच्या मातीत मी सुपरच्याच बाजूने. दाणेदार घ्यायचं, भुकटी नाही. दाणा मोठा म्हणजे मातीशी संपर्क कमी, म्हणजे अडकणं कमी.

खत बियाच्या बाजूला ५ सेंमी आणि खाली ५ सेंमी पडलं पाहिजे. बियाला चिकटून नको, विशेषतः युरिया आणि डीएपी. अमोनियाने कोंब जळतो आणि ओळीत खांडण्या पडतात.

हे १९० किलो सुपर मी चाळलेल्या कुजक्या शेणखतात मिसळून त्याच ओळीत पेरतो. शेणखतातली सेंद्रिय आम्लं स्फुरदाला काही काळ चुन्यापासून लांब ठेवतात. कच्चं शेणखत नको.

युरियाचं तर फारच दुःख वाटतं मला. लोक दुपारी ओल्या रानावर फेकतात आणि पाणी दोन दिवसांनी देतात. चुनखडीच्या जमिनीत नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो, आपल्याला दिसतसुद्धा नाही. निम्मा नत्र पेरणीला, निम्मा ३० दिवसांनी, कळी दिसायच्या आत. तोही ओळीच्या बाजूने चळी काढून मातीआड, किंवा लगेच पाणी. अमोनियम सल्फेट दिलंत तरी गाडूनच द्या, चुन्याशी भेटलं की त्यातलाही अमोनिया उडतो. पण गाडून दिलं तर ते युरियापेक्षा मला आवडतं, कारण अमोनियम घेताना मूळ भोवती आम्ल सोडतं आणि वर गंधक मिळतं. नायट्रेट घेताना उलट होतं, मुळाभोवती सामू चढतो.

आणि नत्र हात सैल सोडून देऊ नका. झाड काळंभोर दिसतं, छान वाटतं, पण लोळतं आणि दाण्यातलं तेल घटतं.

रानवाट

@पेरते_व्हा, दुपारी ओल्या रानावर युरिया, ती मीच. गेल्या वेळी अगदी तसंच केलं होतं. यंदाचा दुसरा हप्ता दोन दिवसांत द्यायचा आहे, आता चळी काढूनच देईन.

जस्त उभ्या पिकात देता येईल का?

पेरते_व्हा

फवारणीतून. झिंक सल्फेट ०.५ टक्के, सोबत निम्मा विझवलेला चुना, नाहीतर पानं करपतात. चुन्याच्या जमिनीवाल्याला फवारणीतही चुना लागावा हे विचित्र वाटेल, पण तो द्रावणाची आम्लता मारायला असतो. चुन्याची निवळी गाळून घ्या, नोझल तुंबतं.

पुढच्या वेळी तळाशी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट. २१ टक्केवालं असेल तर सव्वापाच किलो जस्त जातं. एकदा दिलं की दोन-तीन हंगाम पुरतं, दरवर्षी नको. सुपर फॉस्फेटच्या ढिगात मिसळून ठेवू नका, शेणखतात वेगळं कालवा.

तबकडी

मी फक्त बोरॉनवर लिहिणार आहे, कारण ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये मान तडकलेली झाडं वाचली आणि मला माझं रान आठवलं.

सूर्यफूल बोरॉनच्या बाबतीत फार हळवं पीक आहे. चुन्याच्या जमिनीत बोरॉन मातीच्या आणि चुन्याच्या कणांना चिकटून बसतो, आणि ही चिकटण्याची ओढ सामू ८ ते ९ च्या दरम्यान सगळ्यात जास्त असते. म्हणजे आपण नेमके तिथेच बसलोय. त्यात बोरॉन पाण्याबरोबर वर चढतो. ताण पडला की मातीत असलेलाही मिळत नाही. आणि एकदा जुन्या पानात गेला की सूर्यफुलात तो तिथून नव्या वाढीकडे सरकत नाही. खालची पानं तृप्त आणि शेंडा उपाशी, असं होतं.

लक्षणं अशी. शेंड्याची पानं जाड, ठिसूळ, सुरकुतलेली, देठाकडच्या बाजूला तांबूस. कळी वेडीवाकडी. मग फुलाच्या खाली दांड्याला आडवी चीर, जणू कुणी नखाने ओरखडा काढलाय. पुढे फूल भरतं, वजन वाढतं आणि मान तिथेच मोडते. मी एकदा पहाटे रानात गेले होते, वारा सुटला होता, आणि फुलं एकेक करून खाली लोंबताना पाहिली. तो आवाज अजून कानात आहे, ओली काडी मोडल्याचा.

उपाय दोन टप्प्यांत. एक फवारणी आठ-दहा पानांवर, म्हणजे ताई तुमची आत्ताच. दुसरी पिवळ्या पाकळ्या उघडायला लागतात तेव्हा. बोरॅक्स लिटरला २ ग्रॅम. बोरॅक्समध्ये बोरॉन साधारण ११ टक्के, म्हणजे हेक्टरी ५०० लिटर पाण्यात १ किलो बोरॅक्स टाकलं तर ११० ग्रॅम बोरॉन जातं. कोमट पाण्यात आधी विरघळवा, थंड पाण्यात तळाशी खडे राहतात. २० टक्केवालं विद्राव्य बोरॉन मिळालं तर त्याच हिशेबाने कमी घ्या.

आणि कृपा करून जास्त टाकू नका. 'थोडं जास्त बरं' हा हिशेब बोरॉनला लागू नाही. कमतरता आणि विषबाधा यांतलं अंतर फार थोडं आहे. जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात. जमिनीतून द्यायचं तर हेक्टरी १ किलो बोरॉन, म्हणजे ९-१० किलो बोरॅक्स, सगळीकडे सारखं. ओळीत बियाजवळ अजिबात नाही.

दुसरी फवारणी फुलावर येते, म्हणून संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. त्या वेळी कीटकनाशक बिलकुल मिसळू नका. मध्यभागी पोचट दाणे असण्याचं कारण प्रत्येक वेळी बोरॉनच असेल असंही नाही. मधमाश्या कमी असल्या किंवा फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला तरी दाणे पोचट राहतात. मान तडकणं आणि पोचट दाणे दोन्ही एकत्र असले की मी बोरॉन म्हणते.

हिरवीकाडी

मग हिराकस, झिंक सल्फेट आणि बोरॅक्स एकाच टाकीत घालून एकदाच मारलं तर? मजुरी वाचेल, मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांचं तयार औषधही मिळतंच.

माती_वाचक

नको. बोरॅक्स पाण्याचा सामू चढवतो. त्यात हिराकस घातलं की टाकीतच गंज. तुम्ही जे मातीत होऊ नये म्हणून धडपडताय तेच पंपात होईल. विश्वास बसत नसेल तर काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा. ढगाळलं, साका बसला, तर ते पानावर मारण्यात अर्थ नाही. फवारण्यांत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा.

तयार मिश्रणाबद्दल एवढंच की डब्यावर प्रत्येक अन्नद्रव्याची टक्केवारी आणि रूप वाचा. ताईंना मँगनीज आणि तांबं नकोच आहे.

लोहाबद्दल आता नीट लिहितो, कारण चिलेट (रसायनाच्या पकडीत धरून विरघळतं ठेवलेलं लोह) या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. लोह ईडीटीए साधारण साडेसहा सामूपर्यंत टिकतं. चुन्याच्या मातीत टाकलं की कॅल्शियम लोहाला बाहेर काढतं आणि स्वतः त्या जागी बसतं. फवारणीला ते चालेल, जमिनीतून देणं म्हणजे पाण्यात घालवणं. लोह डीटीपीए साडेसातच्या आसपास थकतं. तुमच्या ८.३ ला जमिनीतून टिकणारं म्हणजे लोह ईडीडीएचए. त्याचं पाणी गडद लाल होतं. त्यातही डब्यावर 'ऑर्थो-ऑर्थो' प्रमाण किती लिहिलंय ते बघा, टिकाऊपणा त्या भागाचा असतो. सगळ्या रानाला ते परवडण्यासारखं नसतं, म्हणून मी सखल कोपऱ्यापुरतंच सुचवेन, तेही निचरा सुधारल्यावर.

बाकी रानाला हिराकसाची फवारणी पुरेशी आहे. लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम सायट्रिक आम्ल. क्रम महत्त्वाचा. पाण्यात आधी सायट्रिक आम्ल, मग हिराकस. द्रावण फिकट हिरवं दिसलं पाहिजे. चहासारखं तांबूस झालं तर ओतून द्या. हिराकसाचे खडेही हिरवे असले पाहिजेत, वर पिवळी-तपकिरी पूड धरली असेल तर ते जुनं झालंय. सकाळी लवकर किंवा सायंकाळी मारा. लोह पानातून दुसरीकडे सरकत नाही, म्हणून नवी पानं आली की १० ते १५ दिवसांनी पुन्हा.

पण फवारायच्या आधी एक काम करा ताई. लिटरला १० ग्रॅम हिराकसाचं थोडं द्रावण करा, चार-पाच झाडांच्या पिवळ्या पानांचा फक्त अर्धा भाग कापसाने पुसून काढा, मधल्या शिरेच्या एका बाजूला. दोरा बांधून खूण ठेवा. आठवड्याने बघा, पुसलेला भागच हिरवा झाला तर कमतरता लोहाचीच.

नवी_पेर

प्रश्न भाबडा वाटेल. पानच प्रयोगशाळेत पाठवून लोह मोजून घेतलं तर सरळ उत्तर नाही का मिळणार?

माती_वाचक

प्रश्न चांगला आहे. जस्त आणि बोरॉनसाठी पानपरीक्षण उत्तम. लोहाला मात्र ते इथे फसवतं. चुन्याच्या जमिनीतल्या पिवळ्या पानात एकूण लोह कधी कधी हिरव्या पानाइतकंच, क्वचित जास्तही निघतं. लोह पानापर्यंत पोचलेलं असतं, पण पेशींच्या बाहेर अडकून पडतं, कामाला लागत नाही. शिवाय पिवळं पान वाढत नाही, त्यामुळे थोडंसं लोहही टक्केवारीत मोठं दिसतं. वर पानावरची धूळ. म्हणून मी कापसाची चाचणी सांगितली. झाडालाच विचारायचं.

रानवाट

नऊ दिवसांनी येते आहे.

पाच झाडांची पानं अर्धी पुसली होती. चार झाडांत पुसलेला अर्धा भाग हिरवा झाला आणि दुसरा पिवळाच राहिला, मधल्या शिरेवर फाळणी झाल्यासारखा. जिथे कापूस नीट टेकला नव्हता तिथे पिवळे ठिपके तसेच आहेत. एकाच पानावर आजार आणि औषध शेजारी शेजारी. माझ्या घरच्यांना रानात नेऊन दाखवलं, कारण 'अजून एक पोतं टाक' हे ऐकून मी थकले होते. पाचवं झाड सखल चिखलातलं, त्यात फरक जेमतेम. @वाफसा दादा, तुमचं म्हणणं तिथे पटलं. त्या बाजूला चर काढला, एक पाळी पूर्ण चुकवली आणि कोळपणी दिली.

युरिया चळी काढून मातीआड दिला, लगेच पाणी. तोही सखल भाग सोडून, तिथे वाफसा आल्यावर देईन. बोरॅक्स कोमट पाण्यात विरघळवून पहिली फवारणी झाली. त्यानंतर पाच दिवसांनी, म्हणजे आज पहाटे, सायट्रिक आम्ल आणि हिराकस. पहिल्या टाकीत मी सवयीने हिराकस आधी घातलं आणि बघता बघता पाणी तांबूस झालं. आमचं पाणीच जड आहे. ती टाकी ओतून दिली. दुसऱ्यांदा आम्ल आधी घातलं, पाणी हिरवट राहिलं. जस्ताची फवारणी पुढच्या आठवड्यात.

विहिरीच्या पाण्याचा नमुना दिला आहे.

तबकडी

फार बरं वाटलं वाचून. एक विनंती, थोडा भाग बोरॉनशिवाय सोडलात का? नाहीतर शेवटी फुलं टिकली तर ती बोरॉनने टिकली की पाणी आवरल्याने, हे कळणार नाही.

रानवाट

हो ताई, सोडला आहे. मधल्या भागात चार ओळी, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्हीकडे खुंट्या ठोकून लाल चिंधी बांधली आहे. त्यांना लोह, जस्त, पाणी सगळं बाकीच्यांसारखंच, फक्त बोरॅक्स नाही. त्या चार ओळींसाठी जीव हळहळतो, पण मलाही एकदा खात्री करून घ्यायची आहे. पाकळ्या उघडल्या की दुसरी फवारणी. काढणीला दोन्हीकडची वीस-वीस फुलं घेऊन मोडलेल्या माना आणि मधले पोचट दाणे मोजते, आणि आकडे इथेच टाकते.